किल्ल्यातल्या माणसाला काम

रविवारी दुपारी आमच्या विहारात भाषणांची तालीम चालायची. जयंती कितीही लांब असली तरी तालीम चुकत नसे. गावातल्या प्रत्येक पोराला आणि पोरीला निदान एकदा तरी टेबलामागे उभं राहून घाम पुसता आला पाहिजे, असा बाबांचा आग्रह होता. बाबा मराठी शाळेत मास्तर. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, बाबा खडू घेऊन राबले, आणि ज्याला बोलता येत नाही तो कचेरीबाहेरच्या बाकावर म्हातारा होतो, हे त्यांचं ठाम मत होतं. भाषण संपलं की टाळ्या नसत. बोलणाऱ्याने माठाशी जायचं, पाण्याचा मोठा घोट तोंडात भरायचा आणि तो गिळायचा नाही. मग ऐकणाऱ्यांनी एकेक करून सांगायचं, कुठे कळलं नाही, कुठे डुलकी लागली, कुठे संपल्यासारखं वाटलं पण संपलं नाही. तोंडात घोट असल्यामुळे 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं कोणालाच म्हणता येत नसे. बोलायची सुरुवात सगळ्यात लहानाने करायची. मोठा आधी बोलला की लहान फक्त मान डोलावतो, हे बाबांना वर्गात कळलं होतं. पुढे ग्रंथालयाच्या नोकरीत मी ज्या ज्या सभांना बसले, त्या प्रत्येक ठिकाणी मला त्या माठाची आठवण झाली. तिथे व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या असत, पण त्या वक्त्यांना आणखी बोलता यावं म्हणून.

आदिलाबाद जिल्ह्यात, बोथच्या अलीकडे, हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज रात्रंदिवस येईल इतक्या अंतरावर आमचं गाव. तेव्हा राज्याचं नाव वेगळं होतं, उन्हाळा हाच होता. पहाटे माय ज्वारीच्या भाकरी थापायची. तो थप थप आवाज थांबला की उठायची वेळ झाली, असं आमचं घड्याळ. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, चुलीत पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ आणि त्याच्या धुरात दिसेनासं झालेलं स्वयंपाकघर. त्या वर्षी घरात शीलावहिनी आली होती, पैनगंगेपलीकडच्या एका गावातून. दादा विजेच्या खात्यात होता, इंद्रवेल्लीला. महिन्यातून दोनदा यायचा, जेवायचा, झोपायचा आणि परत जायचा. त्यामुळे वहिनीचं लग्न दादाशी झालं असलं तरी संसार आमच्याशीच चालला होता. ती बाबांसमोर बोलत नसे. पदर सारखा करायची आणि जे सांगायचं ते सासूच्या मार्फत सांगायची. मायला ती आत्याबाई म्हणायची. 'आत्याबाई, बाबाले चहा देऊ का, विचारा,' असं बाबांच्या पुढ्यात उभं राहून. बाबा म्हणायचे, 'द्या म्हणावं.' तीन माणसांत एक चहा ठरायला सरकारी खात्याइतका वेळ जायचा.

याच घरात बसून, शाळा संपल्याच्या आणि कॉलेज सुरू न झाल्याच्या मधल्या लांब उन्हाळ्यात, मी युद्धाचा खेळ तयार केला. नाव ठेवलं 'वेढा'. जाड पुठ्ठ्यावर चौकोन आखले, मध्ये किल्ला, एका बाजूला नदी, एका बाजूला जंगल. किल्ला कुठलाच खरा नव्हता. खऱ्या किल्ल्यावर लिहिलं की माणसं इतिहास तपासत बसतात आणि खेळत नाहीत, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. फौजा म्हणजे बांगड्यांचे तुकडे, लाल वेढा घालणाऱ्यांचे, हिरवे किल्ल्यातल्यांचे. किल्ल्यातलं धान्य म्हणजे मोजून ठेवलेले ज्वारीचे दाणे. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके, पांढरी बाजू वर पडेल तेवढे गुण. नियम मात्र मी माझ्या मते छापण्याच्या लायकीच्या भाषेत लिहिले. 'आक्रमक पक्षाने प्रथमतः आपले सैन्य यथायोग्य स्थळी स्थापित करावे,' अशी त्याची सुरुवात होती. शेजारची काकू म्हणाली, 'पोरीच्या जातीले लढाई काऊन पायजे वं? घरात कमी हाय का?' मला ते टोमण्यासारखं वाटलं. आता वाटतं, साऱ्या गावात तेवढी एकच सूचना विचार करण्यासारखी होती.

मग मामा आले. मामा भैंशाला एका जिनिंगमध्ये कारकून होते आणि कापसाच्या हंगामात त्यांचे केस पांढरे दिसायचे, धुतले की काळे व्हायचे. माझ्यावर त्यांचा जीव होता, आणि जीव असला की सत्कार करावा, याशिवाय दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी पुठ्ठा लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, 'सुजे, हे साधं काम नाई. हे मोठ्या लोकायच्या नजरेत आलं पायजे.' त्यांनी कुठेतरी दरखास्त दिली, ती मंजूर झाली, आणि बोथच्या एका समारंभात माझा सत्कार ठरला. प्रमुख पाहुण्यांनी पुठ्ठा उलटा धरून फोटो काढून घेतला. नदी वर, किल्ल्याचे बुरूज खाली. 'असे खेळच देशाला दिशा देतात,' असं ते म्हणाले. खेळाला बांधलेली फीत मात्र कोणी सोडली नाही. मला शाल मिळाली, तीही मे महिन्यात. त्याच आठवड्यात मामांनी पुठ्ठा भैंशाला नेला आणि काच घालून, सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये बसवून आणला. बाबांनी तो बैठकीत खिळ्याला टांगला. येणारा जाणारा पाहायचा आणि म्हणायचा, 'वा.' खेळाला काचेआड टांगून ठेवणारं आमचं घर त्या जिल्ह्यात एकटंच असेल असं मला वाटायचं. पुढे पुष्कळ घरं पाहिली, त्यांनी पुष्कळ गोष्टी टांगल्या होत्या.

त्या समारंभातूनच पुढे आदिलाबादच्या प्रदर्शनाची शिफारस झाली. शाळकरी मुलांनी केलेली उपकरणं, तक्ते, खेळ तिथे मांडायचे होते, आणि आदिलाबादला लोक येऊन खेळ खरोखरच खेळून बघणार होते. हे कळल्यावर मला झोप लागेना. कारण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. क्यालेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्याच नकाशाची दुसरी प्रत काढली होती आणि घरात, शेजारी, मैत्रिणींत जो सापडेल त्याला खेळायला बसवत होते. सगळे म्हणत, 'छान हाय.' आणि दुसऱ्यांदा कोणीच बसत नसे. वहिनीला मी पुन्हा विचारलं की तिला हमखास तांदूळ निवडायचे असत. आमच्याकडे रोज ज्वारी शिजायची, तांदूळ सणाला. घरात इतका तांदूळ नव्हता जितका वहिनीने त्या उन्हाळ्यात निवडला. मला शाल नको होती, फ्रेम नको होती. एका तरी माणसाने आपण होऊन म्हणावं, 'मांड परत.' एवढंच मला हवं होतं, आणि ते मिळत नव्हतं.

एका रविवारी लग्नसराईमुळे विहारात कोणी आलंच नाही. बाबा घरी परतले, तर मी ओसरीवर वहिनीला किल्ल्यात आणि मायला वेढ्यात बसवून खेळ लावलेला. खेळत त्या दोघी होत्या, बोलत मी एकटी होते. 'तिकडून नाही, इकडून ये. थांब, नदी ओलांडता येत नाही. ओलांडता येते, पण अर्धं सैन्य घेऊन. असं कर.' बाबांनी चपला काढल्या, थोडा वेळ उभ्यानेच ऐकलं आणि म्हणाले, 'आदिलाबादले प्रत्येकाच्या कानाशी अशीच बसून राह्यशीन का?' मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर मायने तांब्या पुढे केला. 'घे. घोट घे आन् गप बस.'

मी घोट घेतला. डाव पुढे चालला. मला दिसत होतं की माय नियम चुकवतेय, वहिनीचा एक बुरूज उगाच जातोय, आणि मी गाल फुगवून बसलेली. किल्ल्यातलं धान्य संपत गेलं, किल्ला पडला. तो नेहमीच पडायचा, मला तो पडायलाच हवा असायचा. बाबा म्हणाले, 'आता लहान्यापासून सुरू.' सगळ्यांत लहान मीच, आणि माझं तोंड भरलेलं. बाबांनी मायकडे पाहिलं. 'ह्या घरात सगळ्यात नवं कोण हाय? जे नवं ते लहान. पह्यले शीलानं बोला लागते.'

वहिनीने पदर सारखा केला. हातातला हिरवा तुकडा बोटांत दोनदा फिरवला. मग मायकडे तोंड करून म्हणाली, 'आत्याबाई, छान हाय म्हणा.'

'मले काऊन म्हणाले लावतं?' माय म्हणाली. 'तू बोल. तिच्या तोंडात पाणी हाय, ती चावत नाई.'

'खरं बोलू का?'

'मंग, खोटं बोलाले येवढं बसवलं का तुले?'

'मी किल्ल्यात बसली होती,' वहिनी म्हणाली. 'बसलीच होती. आत्याबाई आल्या, चिंचोके टाकले, माझं माणूस मेलं. परत आल्या, परत टाकले. मी दाणे मोजले. माझ्या हाती कायच नव्हतं. वेढा पडला म्हणजे माणूस दाणेच मोजत राह्यते का वं? ते निरोप धाडन, चोरवाटेनं पयन, खोटं बोलन, भांडे वाजवून लय फौज हाय असं दाखवन. बसून तं कोणीच राह्यत नाई.' आणि मग, मायला विसरून, थेट माझ्याकडे पाहून, 'मले एक दरवाजा तरी दे नं, सुजाता. बसून बसून पाय आखडले माहे.'

मायने वहिनीच्या पायांकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे. मला त्या वाक्याचा फक्त खेळापुरता अर्थ कळला, आणि तोही नको होता. नंतर माय म्हणाली की तिला जिंकायचा कंटाळा आला. 'हारतच नाई मी. मंग खेळू कायले? त्यापेक्षा पापड लाटले असते.' शेवटी बाबा. ते म्हणाले की नियम वाचताना 'यथायोग्य'पाशी त्यांना पहिली डुलकी लागली, आणि भिंतीवर टांगण्याआधी त्यांनी ते पूर्ण वाचले नव्हते. मास्तरच्या तोंडून हे ऐकून मला हसू की रडू कळेना. पाणी नाकातून आलं. सगळे हसले. मी मात्र उठले आणि परसात पऱ्हाट्यांच्या ढिगामागे जाऊन बसले. जिल्ह्याच्या पाहुण्यांनी ज्याला देशाची दिशा म्हटलं, त्याच्यापेक्षा पापड बरे!

आता माझा भाचा हैदराबादला असतो. तो मला फोनवर एक गट दाखवतो. तिथे देशोदेशीची हौशी माणसं आपापले कागदी युद्धखेळ टाकतात आणि एकमेकांना अभिप्राय मागतात. मी ते चवीने वाचते. एखादा लिहितो, मला दुसऱ्या फेरीनंतर करायला काही उरलं नाही. लगेच कर्ता खाली लांबलचक उत्तर लिहितो, की नियम नीट वाचले असते तर उरलं असतं. सगळ्या गटात मिळून एक माठ नाही.

राग मला संध्याकाळपर्यंत पुरला. दिवेलागणीला वहिनी चुलीपाशी भाकरी करत होती. मी शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, 'दरवाजा दिला तर कुठं देऊ?' तिने परातीतल्या पिठात बोटाने किल्ला काढला. 'एक दिऊ नको. एक दिला तं समोरचा तेथंच येऊन बसन. तीन दे. आन् मी कोणत्या दरवाजातून येतो ते त्याले समजू दिऊ नको.' तिने मांडणीवरच्या तीन वाट्या काढून पालथ्या घातल्या, मला तोंड फिरवायला सांगितलं आणि एकीखाली चिंचोका लपवला. 'सांग, कोठं हाय?' मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नव्या सुनेचा चेहरा म्हणजे काय चीज असते हे मला त्या दिवशी कळलं. सहा महिने सगळ्या घराला जो चेहरा वाचता आला नव्हता, तो आता माझ्यासमोर युद्धाला उभा होता. मी चुकले. पुन्हा चुकले. भाकरी करपली, माय ओरडली, आणि आम्ही दोघी हसत होतो.

त्यानंतर खेळ आम्ही दोघींनी मोडला आणि जोडला. ते काही सरळ झालं नाही. तीन दरवाजांमुळे किल्ला आता पडेचना, आणि माय वेढ्यात बसून कंटाळायची ती किल्ल्यात बसायला भांडू लागली. मग आम्ही वेढ्याला पहारेकरी दिले, ते जास्त झाले, ते कमी केले. वहिनीने भुयार सुचवलं तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, 'नाही जमणार, नदी मध्ये येते.' ती उठली, तांब्या आणला आणि माझ्यापुढे नव्हे, स्वतःपुढे ठेवला. घोट तोंडात घेऊन माझ्याकडे पाहत राहिली. म्हणजे आता मी सांगायचं, आणि नीट सांगायचं. मला खेळून दाखवावं लागलं की भुयार असेल तर दरवाजांकडे कोणी बघणारच नाही. तिने पाणी गिळलं, म्हणाली, 'हे आधी असं सांगतं तं पाणी आणाले उठली नसती.' दोष ऐकायला मी तालमीत शिकले होते. दोष सांगायचा कसा, ते वहिनीने शिकवलं. नियम आखडत आखडत पानभर उरले. 'यथायोग्य' गेला. बाबांना त्याचं थोडं वाईट वाटलं असावं. मास्तरांचा तो आवडता शब्द होता.

प्रदर्शनाला काय न्यायचं, यावर घरात वाद झाला. फ्रेममधला पुठ्ठा देखणा होता, पण त्यात दरवाजे नव्हते. आमचा खरा खेळ क्यालेंडरच्या मागे होता, उजेडात धरला की पलीकडच्या तारखा दिसायच्या. मामा म्हणाले, 'क्यालेंडर नेतं? जिल्ह्याच्या ठिकाणी? लोकं का म्हणतीन?' बाबांनी फ्रेमच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, 'फ्रेम राहू द्या खिळ्याले. पोरी जे खेळून राह्यल्या तेच नेतीन.' आणि वहिनीकडे न बघता, 'शीला पण जाईन सोबत. अर्धा खेळ तिचा हाय.' मायने काही कळवायच्या आत वहिनी म्हणाली, 'जातो बाबा.' त्या घरात ती बाबांशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. बाबांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडलं. नंतर पाहिलं तर ते कालचं होतं.

आदिलाबादला मामा आमच्या आधी पोचले होते. कडक इस्त्रीचे कपडे आणि काखेत चादरीत गुंडाळलेली फ्रेम. ती त्यांनी आमच्या नकळत खिळ्यावरून उतरवून आणली होती. टेबलावर त्यांनी ती मधोमध उभी केली, वरच्या पट्टीवर शालही टाकली, आणि आमचं क्यालेंडर कडेला सरकलं. परीक्षक आले. त्यांनी काचेत आपले केस नीट केले, 'वा' म्हणाले, काही लिहिलं आणि पुढे गेले. बक्षीस धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीला मिळालं. धूर उदबत्तीचा होता, त्यामुळे त्याच्यासमोर दोघांनी हातही जोडले. दुपारपर्यंत आमच्याकडे एकही माणूस बसला नाही. मी वहिनीला म्हणाले, 'चल, आवरू.' ती म्हणाली, 'आवराच्या आधी आपण तं खेळू. येवढ्या दूर आलो.'

म्हणून आम्ही दोघी खेळत बसलो. समोर दोन मुली येऊन उभ्या राहिल्या, तेलुगू शाळेच्या, एकसारख्या लाल फितींच्या. मराठी त्यांना येत नव्हती, माझं तेलुगू बाजारापुरतं. त्या पाहत राहिल्या. किल्ल्याचा शेवटचा दरवाजा उघडला तेव्हा धाकटीने श्वास रोखला. डाव संपल्यावर वहिनी उठली, वाट्या त्यांच्यापुढे सरकवल्या आणि माझा दंड धरून मला मागे ओढलं. मला सांगायचं होतं की लाल आधी चालतो, की पहारेकऱ्याला नदी ओलांडता येत नाही. तोंडात पाणी नव्हतं, तरी मी गप्प राहिले. मुली एकमेकींशी भांडल्या, एक नियम त्यांनी चुकवला, दुसरा स्वतःचा बनवला, आणि तो माझ्यापेक्षा बरा होता. धाकटीने तीन वाट्यांवरून हात फिरवला आणि चेहरा असा कोरा केला की वहिनी माझ्या कानात म्हणाली, 'हे पोरगी पुढं सून म्हणून भारी पडन.'

किल्ला वाचला. मंडपवाले खुर्च्या गोळा करत आले होते, टेबल हवं म्हणून एकाने क्यालेंडर उचलायला हात घातला. थोरलीने त्याचा हात बाजूला केला, तुकडे हलू न देता धाकटीच्या मदतीने कागद खाली सतरंजीवर उतरवला आणि माझ्याकडे वर पाहून म्हणाली, 'अक्का, इंकोक्कसारी.' आणखी एकदा. माझ्या बाजारापुरत्या तेलुगूत तेवढं बसत होतं.

मामा बसची वेळ झाली म्हणून बोलवायला आले. फ्रेम काखेत. मुलींच्या डोक्यावरून वाकून त्यांनी पाहिलं आणि न राहवून म्हणाले, 'मधल्या वाटीखाली हाय.' शब्द कळले नाहीत तरी दोघींनी एकदम मान वर करून त्यांना असं दटावलं की मामा ओशाळले. चिंचोका मधल्या वाटीखाली नव्हताच. 'ऑं?' मामा म्हणाले. 'मंग हे खेळते तरी कसं वं?'

त्या डावात किल्ला पडला की वाचला, ते आता आठवत नाही. पुढचा मांडला गेला तेव्हा मामांनी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली, चपला काढल्या आणि इस्त्रीची पर्वा न करता सतरंजीवर मांडी घातली.